कागद न उघडता इतिहासकार व्हा

गेल्या महिन्यात मी एका बनावट पत्राला अस्सल असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मला स्वतःला हे परवा कळलं. मावसभावाने क्लिप पाठवली होती, खाली जोडलेले चार हात आणि "दादा, अभिमान वाटतो". क्लिपमध्ये मीच होतो, माईक माझ्याच हातात होता आणि पत्र मी चांगलं खणखणीत वाचत होतो. तेव्हा या क्षेत्रात आता आपला अधिकार सिद्ध झाला आहे असं समजून इच्छुकांना चार सूचना करतो. हल्ली इतिहासकार व्हायची हौस घराघरांत आहे, कुणाची उमेद कशाला मोडा.

सुरुवात निष्कर्षापासून करा. कागदापासून सुरुवात केली की माणसाचं काय होतं ते इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी दाखवून दिलंय. गावोगाव वणवण करायची, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं खाली उतरवायची, वाळवी लागलेले रुमाल सोडायचे आणि पत्रं छापत बसायची. पहिला खंड 1898 साली, असे करत करत 22 खंड. आणि एवढं करून त्या सगळ्याला नाव काय दिलं, तर 'साधने'! म्हणजे इतिहास अजून लिहायचाच आहे! तुम्हाला इतका वेळ नाही. तुम्हाला रविवारी संध्याकाळी बोलायचंय.

मोडी शिकू नका. फार्सी तर नकोच. ती आली की दोन्ही बाजूंचे कागद वाचता येतात आणि मग मत पक्कं राहत नाही.

पुस्तक हातात घेतलं की आधी लेखकाचं आडनाव पाहा. बहुतेक वेळा उघडायची गरजच पडत नाही.

बखरीचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या. बखर तुमच्या बाजूने बोलली तर ती 'अस्सल साधन', विरुद्ध बोलली तर 'बखरीचं काय घेऊन बसलात'. सभासदाने शिवाजी महाराजांची बखर 1694 मध्ये जिंजीला लिहिली, महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस तो. चिटणिसांची बखर 1810 च्या आसपासची, म्हणजे महाराज गेल्यानंतर सुमारे 130 वर्षांनी. हा फरक गरजेपुरताच आठवायचा. एकाच भाषणात एकाच बखरीबद्दल ही दोन्ही वाक्यं बोललेला वक्ता मी पाहिलाय. टाळ्या दोन्हींना पडल्या.

'दडपलेला इतिहास' हे शब्द दर पाच मिनिटांनी यायला हवेत. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 34 या काळात छापून घेतले. ते तेव्हापासून ग्रंथालयांत दडपलेलेच आहेत. कपाटाची किल्ली मागितली की ग्रंथपाल आधी तुमच्याकडे आणि मग किल्लीकडे नवलाने पाहतो.

जुन्या माणसांना कोणत्या काळाच्या न्यायाने तोलायचं, आजच्या की त्यांच्या, यावर जगभर भांडण चालू आहे. आजचं राजकारण भूतकाळावर लादू नका असं अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी 2022 साली लिहिलं, तर त्यांच्याच लोकांनी इतकं धारेवर धरलं की काही दिवसांत जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे हा प्रश्न कधीच सुटलाय. आपल्या माणसाला त्याच्या काळाच्या न्यायाने तोलायचं, दुसऱ्याच्या माणसाला आजच्या.

मत बदलणारा संशोधक दिसला की तो विकला गेलाय असं समजावं. शिवजन्माचं वर्ष कितीतरी काळ 1627 धरत होते. मग जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, समोर आली, टिळकांनी ती 1916 मध्ये छापली आणि तीत निघाली शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. महाराजांच्या काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारतातही तीच तिथी सापडली. म्हणून 19 फेब्रुवारी 1630. आता पुरावा आला, मत बदललं, यात गद्दारी कुठे आली, असं तुम्ही विचाराल, तर तुम्हाला या धंद्यात भवितव्य नाही. आणि ही तारीख जुन्या जुलियन गणनेची आहे, आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस 1 मार्च येतो, हे तर चारचौघांत बोलूच नका. मी एकदा बोललोय. घरी सुखरूप पोचलो, एवढंच सांगतो.

आता शेवटची आणि सगळ्यात मोलाची सूचना. पुरावा शोधू नका, चेहरा शोधा. माझ्यासारखा.

माझ्या त्या भाषणाचा विषयच होता 'बनावट कागद कसा ओळखावा'. पाऊण तास बोललो. लोरेंझो वाल्ला या इटालियन पंडिताने 1440 साली रोमच्या पोपांचं एक शतकानुशतकं मिरवलेलं दानपत्र नुसत्या भाषेवरून कसं खोटं पाडलं ते सांगितलं. चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या कागदात त्या काळी न शोभणारे शब्द होते, संपलं. मग म्हटलं, आता आपल्याकडचा एक नमुना घेऊ. सध्या फिरणारं एक 'सतराव्या शतकातलं' पत्र पडद्यावर दाखवलं आणि आधी अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यानंतर एकेक पदर सोडवला. बघा, लेखणीने आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवायची ही मोडीची रीत, इथे प्रत्येक शब्दाला वेगळी रेघ आहे. बघा, पत्रात स्वल्पविराम आहेत, मराठीत ते इंग्रजी वळणाने एकोणिसाव्या शतकात आले. एका ठिकाणी तर उद्गारचिन्ह आहे! बघा, तिथीपुढे भौमवासर, म्हणजे मंगळवार, घातलाय आणि जंत्री काढली तर त्या दिवशी गुरुवार निघतो. लोक हसले. मलाही वाटलं, चला, पोचलं.

क्लिप 47 सेकंदांची आहे. ती मी पत्र वाचायला लागतो तिथे सुरू होते आणि 'आता बघा' या शब्दांवर संपते. पुढे भगवं, निळं, हिरवं, ज्याला जे हवं ते पार्श्वसंगीत. हो, तीन वेगवेगळ्या गटांनी वापरलीय. पत्र एकच, मीच, आणि सिद्ध होतंय तिघांचं तीन!

मी मावसभावाला लिहिलं, अरे ते खोटं आहे, मी तेच सांगत होतो. त्याचं उत्तर आलं, "दादा, आता तुझ्यावर दबाव आलाय का?"

काय बोलणार यावर? म्हणजे पत्र वाचणारा मी खरा आणि पत्र खोटं आहे म्हणणारा मी विकला गेलेला. पूर्ण भाषण पाठवलं तर म्हणतो, इतकं लांबलचक कोण बघतं. बरं, तू नको बघूस, निदान पुढे तरी पाठवू नकोस. तर म्हणे, लोकांना जागं करायला नको का!

1983 साली जर्मनीत हिटलरच्या रोजनिश्या सापडल्या होत्या, साठेक वह्या. ट्रेव्हर-रोपरसारख्या नाणावलेल्या इतिहासकाराने आधी त्या खऱ्या असल्याचं सांगितलं. मोठं नाव, झालं, छापा. पण तिथे निदान कुणीतरी कागद प्रयोगशाळेत नेला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेलं द्रव्य युद्धानंतरच्या काळातलं निघालं आणि दोन आठवड्यांच्या आत सगळं प्रकरण आडवं झालं. ट्रेव्हर-रोपरची जन्मभराची कमाई त्या एका चुकीने डागाळली, आजही त्यांचं नाव निघालं की ही गोष्ट निघते. त्यांनी चूक केली होती. मी कोणती केली? मी वाचून दाखवलं!

आणि हे फक्त त्या मावसभावाला नाही, तुम्हालाही सांगतोय. तुम्हाला इतिहास नकोय. तुम्हाला आजच्या भांडणात फेकून मारायला दगड हवाय, मग तो शिलालेखातून उपटलेला असला तरी चालतो. तुम्ही आमच्यासमोर येऊन 'एका शब्दात सांगा, हो की नाही' म्हणता. आम्ही 'या कागदापुरतं हो, पण' म्हटलं की त्या 'पण'वर हशा होतो. तो 'पण' मिळवायला कुणीतरी दहा वर्षं डोळे फोडलेले असतात, बाबांनो. आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. आमच्यातले निम्मे एकमेकांसाठीच लिहितात, आणि तेही असल्या मराठीत की बनावट पत्र त्यापेक्षा बरं वाचवतं. ते आमचं पाप. पण कागद न बघता शपथा घेणं हे तुमचं. घरात पणजोबांची दप्तरं रद्दीत घालता आणि फोनवर आलेल्या पत्रासाठी एकमेकांची डोकी फोडायला निघता?

ज्याने कुणी ती क्लिप कापली त्याला माझा नंबर माहीत आहे, कारण भाषणाचं निमंत्रण त्यानेच दिलं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. येईन. या वेळी पत्र उलटं वाचणार आहे, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. काप म्हणावं आता.