धोरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: ‘धोरण चांगलं की वाईट हे डोळ्यांना दिसतं. आकडे हवे तसे वाकवता येतात. चिकित्सा तज्ज्ञांनी करावी.’ तिन्ही वाक्यं पटकन पटतात, म्हणूनच उत्तर देणं भाग आहे.

‘डोळ्यांना दिसतं.’ अमेरिकेत न्यू जर्सीच्या राह्वे तुरुंगात 1976 पासून वाट चुकलेल्या मुलांना नेलं जायचं. जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडायचे, आतल्या मारहाणीची वर्णनं ऐकवायचे. मुलं हादरून जायची. बघणाऱ्यांना वाटलं, बसली जरब! इतर राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. मग संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे दोन गट पाडले. एकाला असा धाक दाखवला, दुसऱ्याला नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा 9 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर भलतंच निघालं. धाक दाखवलेली मुलंच गुन्ह्याकडे जास्त वळली होती. त्यांची भीती खोटी नव्हती, तिचा लावलेला अर्थ चुकला. दुसरा गट नसता तर हे कळलंच नसतं, आणि आपण आणखी मुलं तिथे पाठवत राहिलो असतो.

‘योजना आली आणि फरक पडला’ हाही डोळ्यांचाच पुरावा. समजा, गेल्या वर्षी सर्वांत जास्त अपघात झालेले चौक निवडून तिथे कॅमेरे बसवले. यंदा अपघात घटले. पण कॅमेऱ्यांशिवायही त्यातल्या बऱ्याच चौकांत ते घटलेच असते, कारण आपण ते चौक त्यांच्या एका खास वाईट वर्षावरून निवडले होते, आणि तसं वर्ष सहसा लागोपाठ येत नाही. तितकेच वाईट, पण कॅमेरे नसलेले चौक शेजारी ठेवून बघा. मग कॅमेऱ्यांचं खरं श्रेय किती ते कळेल.

आकडे वाकवता येतात, हे खरंच आहे. पण वाकवलेला आकडा पकडायलाही आकडेच लागतात. ‘निम्म्याने घट’ म्हणजे 4 चे 2 की 4,000 चे 2,000? तुलनेचं वर्ष कुणी निवडलं?

राहिला तज्ज्ञांचा मुद्दा. मोजणी त्यांनी करावी, कबूल. पण ‘ही योजना नसती तर काय झालं असतं?’ हे विचारायला पदवी लागत नाही. मी तर मत देण्याआधी वहीत लिहून ठेवते: काय दिसलं तर माझं मत बदलेल? नावडत्या योजनेपुढे ती ओळ झरझर लिहून होते, आवडत्या योजनेपुढे पेन अडतं.