बरी जिरली म्हणे!

आज वाचन गटात अमेरिकन लेखिका केट शोपिनची 'देझिरेज बेबी' घेतली होती. १८९३ ची कथा, जेमतेम चार-पाच पानं. संपल्यावर एकजण म्हणाली, "बरी जिरली त्याची!" आणि सगळ्या हसल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

गुलामगिरीच्या काळातलं लुइझियाना. देझिरे सापडलेलं मूल, आईबाप कोण ते माहीत नाही. मळेवाल्या आर्मांशी लग्न होतं, मुलगा होतो. एका दुपारी ला ब्लांश या गुलाम बाईचा पोरगा मोरपिसांच्या पंख्याने बाळाला वारा घालत असतो, देझिरे त्याच्याकडे बघते, मग आपल्या बाळाकडे, परत त्याच्याकडे, आणि तिचं रक्त गोठतं. नवरा म्हणतो बाळ गोरं नाही म्हणजे तू गोरी नाहीस, जा. ती बाळाला घेऊन दलदलीकडे जाते ती कायमचीच. नंतर त्याला जुनं पत्र सापडतं, काळ्या वंशाची होती ती त्याचीच आई.

माझी लेक झाली तेव्हा बघायला आलेल्या एका काकूंनी आधी तिचं टोपडं वर करून कानाची पाळी बघितली. खरा रंग तिथे कळतो ना! "सावळीच होणार हो," म्हणाल्या आणि मग हातात पैसे ठेवले.

हो, आपलं गोऱ्याचं वेड आणि तिथली गुलामगिरी एक नाही, मान्य. तिथे कायदाच होता, व्हर्जिनियात १६६२ पासून, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर हात टाकायचा आणि झालेलं पोर स्वतःच्याच मालमत्तेत धरायचं! ला ब्लांशचा तो पोरगाही आर्मांचाच असावा अशी गोष्टीतच पुसटशी खूण आहे. त्याच्यासाठी आज कुणी हळहळलं? ला ब्लांश म्हणजे 'गोरी', नावच ते, तरी गुलाम.

आणि जिरली कसली? 'त्या' रक्ताचा असणं ही शिक्षा वाटते म्हणूनच ना शेवट वाचून मजा येते? ही कथा आली तेव्हा त्याच लुइझियानात होमर प्लेसीची केस चालू होती, आठात सात हिस्से गोरा माणूस, गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून १८९२ मध्ये अटक, १८९६ ला सुप्रीम कोर्टातही हरला. एक पणजोबा नाहीतर एक पणजी काळी असली की पुरे.

खरं सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं, चला, देझिरे गोरीच होती म्हणजे! गोष्टीत तसं कुठेच म्हटलेलं नाही. मीच ठरवून टाकलं. बाळ तर तेच, तितकंच गोड, मग मला हायसं कशाने वाटलं? आज हसणाऱ्या मैत्रिणींवर चिडताना हेच आठवत होतं, म्हणून गप्प बसले.

त्या दिवशीही गप्पच बसले होते. काकू गेल्यावर लेकीचं टोपडं परत नीट कानावर ओढलं, आणि ओढता ओढता ती पाळी मीही एकदा बघून घेतली.