दम पुरला म्हणजे पाय तयार झाले असे नाही

‘धाप लागत नसेल, तर अंतर बिनधास्त वाढवावे’ हा धावण्याविषयीच्या एका लेखात वाचलेला सल्ला मला पटला नाही. मोठ्या खंडानंतर पुन्हा धावू लागणाऱ्यांसाठी तो धोक्याचा आहे, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत पुन्हा सरावतात, पण हाडांना आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना तोच ताण पेलण्याजोगे व्हायला महिने लागतात. 8 महिन्यांच्या खंडानंतर मी तिसऱ्याच आठवड्यात सलग 5 किलोमीटर धावलो, श्वास शांत होता म्हणून दुसऱ्या दिवशीही तेवढाच धावलो, आणि नडगीच्या आतल्या कडेला बोट टेकवताच कळ यावी असे दुखणे सुरू झाले. पुढचे 6 आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवावे लागले.

दुसऱ्या खेपेस मी 1 मिनिट धावणे आणि 2 मिनिटे चालणे, असे आठवड्यातून तीनदाच, मध्ये किमान एक दिवस सोडून केले, आणि वेग असा ठेवला की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. लेखात या मधल्या चालण्याचा साधा उल्लेखही नाही, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. आता सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांत टाच किंवा पोटरी दुखली, तर आदल्या दिवशी कितीही सहज धावलो असलो तरी त्या दिवशी मी फक्त चालतो.