पैसे नकोत, तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का ते सांगा

बडोद्यातला ऑगस्ट २०२४ चा पूर म्हटलं की मला आधी आंबलेल्या खिचडीचा वास आठवतो, पाणी नंतर. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, ती ३५ च्याही वर गेली होती, समा, वडसर, फतेगंजकडे लोक वरच्या मजल्यांवर अडकलेले, आणि आम्ही दांडिया बाजारातल्या दहा-बारा जणींनी रात्रभर जागून १५ किलो डाळ-तांदळाची खिचडी केली. दीडशे माणसांचं जेवण. गरम गरमच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, गाठी मारल्या, खोक्यांत एकावर एक रचली. सकाळी टेम्पो मिळेपर्यंत आत वाफेचं पाणी होऊन सगळं आंबलेलं. परत गरम करून पाठवूया असं कुणीतरी म्हणालं, पण शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही. टाकून दिली. त्या दिवशी मी खूप रडले.

आणि आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, आयुष्यभर लग्नांची जेवणं रांधलेले एक काका राहतात. त्यांना कुणी हाकच मारली नाही! नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं, माणशी १०० ग्रॅम कोरडं धान्य धरा, मोठ्या भांड्यात पाणी घरच्या प्रमाणात वाढवत नेऊ नका कारण तिथे वाफेवाटे कमी जातं, कणभर कच्ची असतानाच उतरवा, अंगच्या उष्णतेने शिजते, आणि लांब जायची असेल तर परातींत पातळ पसरून लगेच गार करा. आणि भरून झाली की तासाभरात पोचत नसेल तर खिचडी करूच नका, कोरडं काही करा.

कोरडं म्हणजे काय ते शेजारच्या गुजराती बेनना विचारा. रांधण छठ नुकतीच झाली होती तेव्हा, दुसऱ्या दिवशी शीतळा सातमला चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या दिवशी करून ठेवायचे थेपले, सुखडी, हे सगळं त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कणीक, तूप, गूळ, बस्स, सुखडी कितीतरी दिवस टिकते. पाण्यात अडकलेल्या माणसाकडे ना गॅस ना ताट, त्याला हेच हवं. आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नाही कारण आम्ही एकमेकींना विचारलंच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शहरात जेवण पोचवणाऱ्या ग्रुपांना पैसे आणि धान्य मिळतं, बडोद्याचे लोक देतात, हात आखडत नाहीत. कमी पडते ती माहिती. कुणाला दोनशे माणसांचा अंदाज येतो, कुणाकडे मोठी शेगडी आहे, कुणाचा टेम्पो दुपारी रिकामा असतो, कोणत्या घरात डायबिटीसवाले एकटे आजोबा आहेत ज्यांना बुंदीचं पाकीट चालणार नाही. हे कुठेच लिहिलेलं नाही. गणपती मंडळांचे टोप, झारे, पराती महाप्रसाद झाला की वर्षभर कुलपात, आणि सयाजी हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेले नातेवाईक रोज जेवणाची सोय शोधत फिरतात. पूरच यायला हवा असं थोडंच आहे?

भांडी परत येत नाहीत, ही तक्रार मला मान्य आहे, माझीही एक परात गेली. पण आपल्या आज्यांनी भांड्यांवर नावं का घातली होती? पंगतीला द्यायची म्हणूनच ना. तेच करा, नाव घाला, आणि नेणाऱ्याने वहीत सही करायची, घासून कधी आणणार ते लिहायचं.

काकांनाही मी सांगितलंय की तुम्ही रांधू नका, उभं राहून शिकवा, दर महिन्याला चार पोरांना एक मोठं पातेलं करायला लावा. त्यांचे गुडघे गेलेत. आत्ता शिकलो नाही तर हे त्यांच्याबरोबरच जाईल.

वही केलीय, दोनशे पानी. पहिल्या पानावर माझं लिहिलंय: चाळीस माणसांचं पितळी पातेलं, कल्हई केलेलं, एक परात, दोन झारे, आणि थेपले लाटायला संध्याकाळी ७ नंतर दोन तास, गुरुवार सोडून. तुमचं काय लिहू?