विंटूंनी जंगलाला हात लावला नाही? भरपूर लावला

दर पर्यावरण दिनाला एक मजकूर हमखास फिरतो. त्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या विंटू आदिवासींचं कौतुक असतं. त्यांनी म्हणे निसर्गाला कधी हात लावला नाही, आग लावली नाही, झाड तोडलं नाही, जे आपोआप मिळालं तेवढंच वेचून खाल्लं. त्यांच्यात ना पैसा, ना मुखिया. आणि अशी ही भोळी जमात आता नामशेष झाली. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण एक मुद्दा सोडला तर यातलं काहीच टिकत नाही.

मजकुराचं मूळ खरं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका विंटू वृद्धेचं बोलणं अभ्यासकांनी टिपून ठेवलं. आम्ही कंद काढताना लहानसा खड्डा करतो, ओकची फळं झाड हलवून पाडतो, सरपणाला वाळलेलं लाकूड वापरतो आणि गोरे मात्र जमीन नांगरतात, झाडं पाडतात, खडक उडवतात, अशी तिची तक्रार होती. त्याच बोलण्यात टोळांसाठी गवत जाळण्याचाही उल्लेख आहे. व्हॉट्सॲपवर फिरताना तेवढा भाग गळून जातो.

आगीचंच आधी पाहू. टोळांची शिकार करताना गवताळ पट्ट्याला लोक रिंगण घालायचे, टोळांना मध्यभागी हाकायचे आणि गवत पेटवायचे. मग ते टोळ शिजवून, वाळवून साठवायचे. ओकच्या झाडांखालचा पालापाचोळा अधूनमधून जाळण्याची रीत उत्तर कॅलिफोर्नियात सर्रास होती. फळातली कीड खाली पडलेल्या फळांमधून मातीत उतरते. पाचोळा जळला की तिची पुढची पैदास घटते, जमीन मोकळी झाल्याने फळं वेचणं सोपं होतं आणि कोवळ्या गवतावर हरणं येतात. हेझलची झुडपं जाळल्यावर पुढच्या हंगामात त्यांना सरळ, लवचिक, फांद्या न फुटलेले धुमारे येतात. टोपल्या विणायला तेच लागतात, जुनी गाठाळ काडी वळवताना मोडते. आपल्याकडे कोकणात राब भाजतात त्याची इथे आठवण होईल. पण राब असतो रोपांच्या वाफ्यासाठी, आणि इथे अख्खा डोंगरउतार सांभाळला जात होता.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियाने आदिवासींच्या ‘संरक्षणा’च्या नावाखाली जो कायदा केला, त्यात गवताळ रान पेटवणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. आग लावतच नसलेल्या लोकांवर ती बंदी घालावी लागली नसती.

आता ‘आपोआप मिळालेलं अन्न’. ओकचं फळ, म्हणजे एकॉर्न, हे विंटूंचं मुख्य धान्य. ते झाडाखालून उचलून तोंडात टाकून पाहावं. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जीभ आखडते आणि दुसरा घास घेववत नाही. शरद ऋतूत पुरुष झाडावर चढून फांद्या हलवत, बायका-मुलं खाली वेचत. काळ्या ओकच्या फळाला विशेष पसंती होती. फळं नीट वाळली नाहीत तर साठवणीत बुरशी धरते. वाळलेली फळं फोडून, सोलून सपाट दगडावर कुटायची. त्या दगडावर बूड नसलेली टोपली ठेवतात, म्हणजे पीठ बाहेर उडत नाही. कुटलेलं चाळून जाडं पुन्हा कुटायचं. पीठ भरड राहिलं तर आतला कडवटपणा धुतला जात नाही.

मग वाळूत उथळ खळगा करून त्यात पीठ पसरायचं आणि वरून पाणी सोडत राहायचं. टॅनिन पाण्यात विरघळतं आणि वाळूतून झिरपून जातं. इथे घाई नडते. पाण्याची धार थेट पिठावर पडली तर खड्डा पडतो, खालची वाळू वर येते आणि सगळा घाटा दाताखाली कचकचतो. म्हणून धारेखाली पानांची फांदी धरायची. किती वेळ धुवायचं हे चव घेऊनच ठरतं. शिजवायलाही भांडं नव्हतं. पाणी गळणार नाही इतक्या घट्ट विणीच्या टोपलीत पीठ आणि पाणी घालून त्यात तापवलेले दगड सोडत. दगड सतत हलता ठेवावा लागतो, एका जागी टेकला तर टोपलीचं बूड जळतं. ज्या वर्षी ओकला फळ कमी येई, त्या वर्षी कॅलिफोर्नियातलं बकआय नावाचं फळ कामी येई. ते कच्चं खाल्लं तर विषारी असतं आणि एकॉर्नपेक्षा जास्त धुवावं लागतं. हे सगळं जाणणाऱ्या समाजाला ‘वेचून खाणारा’ म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला ‘दाणे गोळा करणारा’ म्हणणं.

मासेमारीही अशीच बेतलेली. मॅक्लाउड आणि सॅक्रामेंटो या नद्यांत सॅमनची सामूहिक हाकाटी होई. रात्री मशाली लावून मासे एका टोकाला कोंडायचे आणि भाल्याने टिपायचे. भाल्याचं टोक सुटं होणारं, दोरीने दांड्याला बांधलेलं असे. टोक घट्ट बसवलेलं असतं तर मोठ्या सॅमनच्या झटापटीत दांडा मोडला असता किंवा मांस फाटून मासा सुटला असता. जास्तीचा मासा भाजून, काटे काढून, वाळवून, कुटून त्याचं पीठ करत. हे पीठ देऊन शेजाऱ्यांकडून मीठ आणि शिंपल्याच्या चकत्या घेतल्या जात.

‘पैसा नव्हता’ हा दावा इथेच निकालात निघतो. भोक पाडून माळेत ओवलेल्या या चकत्या म्हणजे त्यांचं चलन. खुनाची भरपाईसुद्धा त्यात चुकवता येई. मुखियाही होता. पद सहसा बापाकडून मुलाकडे जाई, पण मुलगा बोलण्यात कच्चा किंवा लोकांना नकोसा असेल तर ते दुसऱ्याकडे जाऊ शके. तंटे मिटवणं आणि मेजवान्या देणं ही त्याची कामं.

झाडं न तोडण्याचा मुद्दा मात्र बराचसा खरा आहे. त्यामागे भक्तीइतकाच व्यवहार होता. दगडाच्या आणि शिंगाच्या हत्यारांनी उभं झाड पाडण्यापेक्षा वाळलेलं लाकूड गोळा करणं शहाणपणाचं, आणि ओक तर अन्नाचं झाड.

राहिला नामशेष होण्याचा दावा. संहार झाला, यात शंका नाही. १८३० च्या दशकात फरसाठी प्राणी पकडणाऱ्या सापळेवाल्यांबरोबर आलेल्या मलेरियाने सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात गावंच्या गावं ओस पडली. १८४६ मध्ये अमेरिकी सैन्याधिकारी जॉन फ्रीमाँटच्या तुकडीने सॅक्रामेंटोच्या काठी कत्तल केली. एप्रिल १८५२ मध्ये हेफोर्कजवळ ब्रिज गल्चला आणखी एक झाली. १८५१ च्या ऑगस्टमध्ये कॉटनवुडला आदिवासींशी झालेला करार अमेरिकी सिनेटने मंजूर केला नाही. कॅलिफोर्नियातले असे अठरा करार १९०५ पर्यंत गुप्त राहिले. पुढे १९३८ ते १९४५ या काळात शास्ता धरण बांधलं गेलं आणि मॅक्लाउडकाठच्या विंटूंची, म्हणजे विनेमेम विंटूंची, गावं, दफनभूमी आणि मासेमारीच्या जागा पाण्याखाली गेल्या. सॅमनचा वरचा रस्ताही बंद झाला.

पण माणसं आहेत. रेडिंग रँचेरिया या आदिवासींच्या राखीव वस्तीत विंटू कुटुंबं आहेत, हेफोर्कला नोर-रेल-मुक विंटू आहेत आणि मॅक्लाउडच्या विनेमेम विंटूंचं नेतृत्व कॅलीन सिस्क करतात. विनेमेमना केंद्र सरकारची मान्यता नाही, त्यामुळे आपल्याच जागेवरच्या हक्कांसाठी त्यांना दरवेळी भांडावं लागतं. नामशेष म्हटलं की हे भांडण आपोआप दिसेनासं होतं, म्हणून हा दावा बाकीच्यांपेक्षा जास्त घातक आहे.

२०२२ मध्ये हिवाळी चिनूक या सॅमनच्या जातीची सुमारे ४०,००० अंडी विनेमेमांच्या सहभागाने मॅक्लाउडवर उबवण्यात आली. पिल्लं धरण ओलांडू शकत नाहीत, म्हणून ती पकडून गाडीने धरणाच्या खाली नेऊन सोडावी लागतात. धरणाला वळसा घालून मासे स्वतः पोहून जातील असा जलमार्ग काढा, अशी विनेमेमांची मागणी आहे. दुसरीकडे धरणाची उंची साडेअठरा फुटांनी वाढवण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं पुढे येतो आहे. ती वाढली तर मुली वयात येतानाचा विधी जिथे होतो ती मॅक्लाउडकाठची जागाही बुडेल.