माझ्याकडे डी ड्राइव्ह नाहीये!

सकाळी पुल घेतला, म्हणजे टीमचा ताजा कोड ओढून घेतला. टीमची नवी वर्कस्पेस (प्रोजेक्टचे फोल्डर आणि सेटिंग एकत्र बांधणारी फाइल) उघडली, तर कोड लिहायचा एडिटर विचारतो, या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? अरे, होता! काल रात्रीपर्यंत होता!

कुणा महाभागाने स्वतःची वर्कस्पेस फाइल रेपोत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, ढकललीये. आतले सगळे पाथ त्याच्या मशीनचे, थेट 'डी' ड्राइव्हपासून. त्याचा फॉन्ट, त्याची काळीकुट्ट थीम, वर 'सेव्ह केलं की फॉरमॅट' चालू. वर्कस्पेसची सेटिंग आपल्या सेटिंगच्या उरावर बसते. एक ओळ बदलून सेव्ह केलं, तर अख्ख्या फाइलचे सिंगल कोट डबल, टॅबच्या जागी स्पेस. डिफ, म्हणजे काय काय बदललं ते दाखवणारी यादी, नुसता लाल-हिरवा. शोधा आता त्यात माझी ओळ! त्या महाभाग साहेबांना विचारलं तर शांतपणे म्हणतात, "तू पण डी ड्राइव्हवर ठेव ना." लिनक्स आहे रे बाबा माझ्याकडे! कुठून आणू डी?

आणि फोल्डर काय? 'कॉमन', 'शेअर्ड', 'युटिल्स', 'कॉमन-नवीन'. चौघांतही तारीख फॉरमॅट करायचं फंक्शन, आणि चौघांचं उत्तर वेगळं. 'कॉमन-नवीन' सगळ्यात जुनं आहे, हे सांगायलाच नको.

ते गो-डॉट-वर्क, म्हणजे गो या प्रोग्रामिंग भाषेची वर्कस्पेस फाइल, तर विचारूच नका. 2022 मध्ये गो 1.18 सोबत आलं, आपापल्या मशीनवर दोन-चार मॉड्यूल (कोडचे गठ्ठे) एकत्र चालवायला. सहसा कमिट करू नका, म्हणजे रेपोत नोंदवू नका, असं गोच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. वाचतंय कोण! कमिट केलं. सीआय, म्हणजे कोड आपोआप तपासणारी यंत्रणा, शेजारचं लोकल मॉड्यूल उचलतं आणि हिरवं दिसतं. बाहेरून कुणी तेच मॉड्यूल घेतलं की बिल्ड आडवं. एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाच्या, वर्कस्पेसचीही तीच गत. डिपेंडन्सी, म्हणजे लागणारं दुसरं पॅकेज, पॅकेज-जेसनच्या यादीत नाही, पण रूटच्या नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये पडलीये म्हणून चाललंय. पॅकेज वेगळं काढलं की रडारड.

बरं, एवढं तणतणून मी दिवसभर काय केलं? प्रत्येक प्रोजेक्टच्या विंडोला वेगळ्या रंगाची पट्टी दिली. निळा दोनदा बदलला, तो चिडका वाटत होता. मग फोल्डरांना नावं कशी द्यावीत यावर ग्रुपवर निबंध टाकला, उपमुद्द्यांसकट. उत्तरादाखल एक अंगठा आला. तोही मॅनेजरचा, म्हणजे वाचलेला नाही.

बग अजून तिथेच आहे. बहुतेक 'शेअर्ड'मध्ये. किंवा 'युटिल्स'.