एका माध्यमाचा आग्रह आणि विद्यार्थ्यांची प्रदर्शने : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

विद्यापीठांतील कलाविद्यार्थ्यांच्या बहुमाध्यमी प्रदर्शनांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. ज्याला अजून एकही माध्यम धड हाताळता येत नाही, अशा विद्यार्थ्याने तैलचित्र, मातीकाम आणि व्हिडिओ एकाच वेळी मांडणे म्हणजे अपुऱ्या तयारीवर पांघरूण घालणे होय. ज्यांना रेखाटता येत नाही, ते मांडणीशिल्पाचा (जागेत वस्तू रचून केलेल्या कामाचा, म्हणजे इन्स्टॉलेशनचा) आणि व्हिडिओचा आडोसा घेतात. सगळी माध्यमे एकाच दालनात आणल्याने प्रदर्शनाची जत्रा होते. कामांशेजारी लावलेली लांबलचक निवेदने वाचवत नाहीत. आणि शिक्षण पुरे होण्याआधी लोकांसमोर जाण्याची घाई मुळात कशासाठी? शेवटी आपण असा नियम सुचवला आहे, की अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच माध्यमाची परवानगी असावी. निवेदनांविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, रेखाटनाविषयी काही अंशी सहमत आहे, आणि उरलेले मला पटत नाही.

माध्यमावर हात बसायला वर्षे लागतात, हे आपले म्हणणे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की हात बसण्यासाठी विद्यार्थ्याला एकाच माध्यमात कोंडून ठेवावे लागते का. तैलरंग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे दिवसचे दिवस तो खरवडता येतो, पुसता येतो, त्यावर पुन्हा लावता येतो. केवळ याच माध्यमात वाढलेल्या विद्यार्थ्याला दुरुस्तीची ही सवलत म्हणजे कलेचा स्वभावच वाटू लागते. त्याच विद्यार्थ्याने ड्रायपॉइंटसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ओरखडून त्याचे ठसे घेण्याच्या मुद्राचित्रणासाठी, तांब्याच्या पत्र्यावर सुई चालवली, की ओरखडा परत घेणे जवळजवळ अशक्य असते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. त्या ओरखड्याच्या कडेला उचलला गेलेला धातूचा कंगोरा शाई धरून ठेवतो, म्हणून रेषा मखमली उमटते. परंतु दाबयंत्राखाली तो कंगोरा लवकर झिजतो आणि चांगले ठसे मोजकेच मिळतात. म्हणजे निर्णय आधी घ्यावा लागतो. माती आणखी वेगळे काही शिकवते. भिंत एकीकडे जाड राहिली आणि आत ओल उरली, तर भट्टीत त्या ओलीची वाफ होऊन काम फुटते. शिवाय वाळताना आणि भाजताना माती साधारण दहाव्या हिश्शाने आकसते, त्यामुळे अखेरीस हवे असलेले माप सुरुवातीलाच वाढवून धरावे लागते. हे सगळे अनुभवून जो कॅनव्हासकडे परततो, त्याच्या तैलचित्रातील रेषा कमी चाचपडते, असे मी अनेक प्रदर्शनांत पाहिले आहे. दुसरे माध्यम पहिल्यापासून लक्ष विचलित करतेच असे नाही. पुष्कळदा पहिल्या माध्यमाचा स्वभाव दुसऱ्यामुळेच कळतो.

बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योझेफ आल्बर्स प्राथमिक अभ्यासक्रम शिकवीत तेव्हा विद्यार्थ्यांना केवळ कागद देत आणि वाया न घालवता, कागदालाच शक्य आहे असे त्यातून काय घडते ते शोधायला सांगत. घडी घातलेला कागद स्वतःच्या बळावर उभा राहतो, आणि मातीचा किंवा लाकडाचा आभास निर्माण करण्यापेक्षा ते अधिक मोलाचे, हा त्या पाठाचा गाभा होता. मला बहुमाध्यमी प्रदर्शनात हेच पाहायचे असते. विद्यार्थ्याने तीन माध्यमे वापरली यात मला विशेष काही वाटत नाही. त्या कामाला तेच माध्यम लागत होते का, एवढे मी पाहतो. कॅनव्हासवर मावले असते ते व्हिडिओत केले असेल, तर आपला आक्षेप तेथे पूर्णपणे लागू पडतो.

या कसोटीवर उतरणारे उदाहरण म्हणून १९७२ साली लॉस एंजेलिस येथे झालेल्या ‘वुमनहाउस’ या प्रकल्पाकडे पाहता येईल. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधील विद्यार्थिनींनी जूडी शिकागो आणि मिरियम शापिरो या शिक्षिकांबरोबर एक पडके घर स्वतः दुरुस्त केले आणि त्याच्या खोल्याखोल्यांतून कामे मांडली. त्यांतील फेथ वाइल्डिंग या विद्यार्थिनीने एका खोलीत दोऱ्याने क्रोशाचे जाळे विणून प्रेक्षकाला वेढणारी गुहेसारखी रचना केली, आणि त्याच घरात खुर्चीवर बसून, मागेपुढे झुलत, स्त्रीच्या आयुष्यातील एकामागून एक प्रतीक्षांची यादी म्हणत राहण्याचे एकपात्री सादरीकरणही केले. एकाच व्यक्तीची दोन माध्यमे; पण त्यांची अदलाबदल करून पाहा. प्रतीक्षेला चालू राहणारा वेळ लागतो आणि कंटाळाही लागतो, तो जाळ्यात आणता येत नाही. वेढले जाण्याचा अनुभव शरीर आत शिरल्याशिवाय येत नाही, तो यादी म्हणून देता येत नाही. ‘आधी एक पुरे करा, मग दुसरे हाती घ्या’ असा नियम तेथे असता, तर या दोन कामांपैकी एक झालेच नसते, आणि उरलेले त्यामुळे अधिक चांगले झाले असते असे मला वाटत नाही.

रेखाटनाचा मुद्दा. निरीक्षणातून रेखाटण्याचा सराव अभ्यासक्रमातून हळूच काढून टाकला जाऊ नये, या आपल्या आग्रहाला माझा पाठिंबा आहे; बाउहाउसमध्ये योहानेस इटेन यांच्या वर्गातही लाकूड, तार, काच, कापड यांच्या रचनांबरोबर मानवी देहाची रेखाटने आणि जुन्या चित्रकारांच्या कृतींचे विश्लेषण चालतच असे. मात्र व्हिडिओ आणि मांडणीशिल्प हा दुबळ्यांचा आडोसा आहे, हे मला मान्य नाही, कारण व्यवहारात तो फार वाईट आडोसा ठरतो. चित्रातील ढिला कोपरा प्रेक्षकाची नजर ओलांडून जाऊ शकते. व्हिडिओतील ढिला अर्धा मिनिट मात्र प्रेक्षकाला सोसावाच लागतो, आणि बहुतेक वेळा तो तेवढ्यात उठून जातो. मांडणीशिल्पाभोवती तर माणूस फिरतो, मागची बाजू पाहतो, लोंबकळणारी वायर आणि घाईत मारलेला खिळाही पाहतो. ज्याला काही लपवायचे आहे, त्याने भिंतीवरचे काचबंद चित्रच निवडावे, असे मी थोड्या खट्याळपणाने म्हणेन.

आता जत्रेविषयी. माध्यमवार वेगळी दालने असावीत, ही आपली सूचना वरवर शिस्तीची वाटते. परंतु अशा विभागणीत चित्रे पहिल्या दालनात, शिल्पे दुसऱ्या दालनात आणि विणकाम मात्र जिन्याजवळच्या बोळात, ही उतरंड न सांगताच तयार होते. ज्या बाउहाउसचे मी कौतुक करतो आहे, तेथेही विद्यार्थिनींना बहुतांशी विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवले जाई. पुढे विणकर म्हणून नावाजलेल्या आनी आल्बर्स तेथे पोहोचल्या, तेव्हा त्यांना दोऱ्याची मुळीच ओढ नव्हती. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या कामाचे एकल प्रदर्शन भरवले, आणि वस्त्रकलावंताला तेथे मिळालेला तो पहिलाच मान होता. विणलेला पट आणि अमूर्त चित्र एकाच भिंतीवर शेजारी आले, की रंगाचा, पोताचा आणि रचनेचा प्रश्न दोघांपुढे एकच आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही आपण पाहिलेले प्रदर्शन गोंधळाचे असेल, तर त्यावर माझा विश्वास बसतो. माध्यमे एकत्र आणणे अवघड असते, आणि ही अडचण बहुतांशी भौतिक असते. प्रोजेक्टरला काळोख हवा, रेखाटनाला उजेड; त्यातही जलरंग आणि कागदावरील कामे प्रकाशाने फिकी पडतात, म्हणून संग्रहालये त्यांच्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात, तर तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. आवाजाला तर भिंतीही अडवत नाहीत. एका व्हिडिओतील आवाज शेजारच्या शिल्पावर पसरला, की ते शिल्प त्या व्हिडिओचे नेपथ्य होऊन बसते; हेडफोन लावावेत, तर पाच जणांनी मिळून पाहायचे काम एकट्याचे होते. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवण्याचा प्रघात आहे, पण त्याच भिंतीसमोर बसून पाहायचा पडदा असेल, तर त्या उंचीचा काही उपयोग राहत नाही. या अडचणी कार्यशाळेत समोर येतच नाहीत, कारण तेथे प्रत्येकाचे काम आपापल्या कोपऱ्यात, आपल्या सोयीच्या उजेडात असते. त्या सोडवताना विद्यार्थी शेजाऱ्याशी भांडतो, तडजोड करतो, आपले काम चार हात सरकवतो, कधी काढूनही घेतो, आणि शिक्षणाचा हा भाग त्याला इतर कोठेही मिळत नाही. त्यामुळे जत्रा झाली असेल, तर दोष मांडणीचा मानावा, आणि मांडणीसाठी विद्यार्थ्यांना पुरेसे दिवस दिले होते का, हे संयोजकांना विचारावे.

निवेदनांबाबत वाद नाही. माध्यम, माप, वर्ष आणि व्हिडिओ असल्यास त्याची लांबी एवढे समजले, तरी बहुतेक प्रेक्षकांचे काम भागते.

घाईविषयी मात्र एक गोष्ट आपल्याला आवडेल अशी आहे. १९२३ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया या प्रांताच्या सरकारने बाउहाउसकडे आजवरच्या कामाचा हिशेब म्हणून प्रदर्शनाची मागणी केली, तेव्हा संचालक वॉल्टर ग्रोपियस यांनाही ते फार लवकर होत आहे असेच वाटत होते. शाळा सुरू होऊन चारच वर्षे झाली होती. प्रदर्शन झाले; त्यासाठी वायमार येथे ‘हाउस आम होर्न’ हे नमुन्याचे घर उभारण्यात आले, त्याचे सामान कार्यशाळांतून बनले, आणि त्यातील काही फर्निचर करणारा मार्सेल ब्रॉयर तेव्हा विद्यार्थीच होता. प्रदर्शनाचे आजही छापले जाणारे भित्तिपत्रक योस्ट श्मिट या विद्यार्थ्याचे. पुरेशी तयारी झाल्यावरच लोकांसमोर जायचे ठरवले असते, तर सुतारकाम, विणकाम, धातुकाम आणि मुद्रण एका घरात एकमेकांना पूरक ठरतात की नाही, हे पाहण्याचा प्रसंग बहुधा आलाच नसता.

या संदर्भात लंडनच्या गोल्डस्मिथ्स या महाविद्यालयाच्या कलाविद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये गोदीच्या एका रिकाम्या इमारतीत भरवलेले ‘फ्रीज’ हे प्रदर्शन नेहमी पुढे केले जाते, कारण त्याचा संयोजक डेमियन हर्स्ट पुढे फार मोठा झाला. मी ते मुद्दाम पुराव्यात घेत नाही. चार-दोन जणांचे नशीब फळफळले म्हणून विद्यार्थ्यांनी प्रदर्शने करावीत, हा युक्तिवाद आपल्या आक्षेपाला बळच देतो. घाईची भीती आपल्याला वाटते ती अशाच कथांमुळे. खरेदीदारांना आणि दलालांना खूश करण्यासाठी भरवलेल्या प्रदर्शनाला मीही घाईचेच म्हणेन.

राहिला आपण सुचवलेला नियम. एका विद्यार्थ्याला एकच माध्यम असे बंधन घातले, तर माध्यम दुसऱ्या वर्षीच ठरवून टाकावे लागेल, आणि चुकीचे ठरलेले माध्यम केवळ नियमासाठी शेवटपर्यंत ओढत न्यावे लागेल. त्याऐवजी बंधन जागेचे असावे, असे मी सुचवीन : प्रत्येकाला सारखीच भिंत आणि सारखीच जमीन, त्यात एक मोठे चित्र लावा किंवा तीन माध्यमांतील तीन छोटी कामे ठेवा. निवड करताना वगळायचे काय हे विद्यार्थ्याला ठरवावे लागेल, आणि अंतिम मूल्यमापन कार्यशाळेत न होता मांडणी पूर्ण झाल्यावर दालनातच झाले, तर अपुऱ्या तयारीचे तिसरे काम तेथे आणण्यात त्याला काही फायदा दिसणार नाही.

कळावे.